कार्यसातत्याचे नियोजन : धोक्यांचे बदलते स्वरूप

‘कार्यसातत्य’ हा शब्द मराठीत नवा आहे. एखाद्या संस्थेच्या व्यवहारात अकल्पित व्यत्यय आला असता तिची अत्यावश्यक कामे ठरावीक मुदतीत व पूर्वनिश्चित प्रमाणात चालू ठेवण्याची क्षमता, असा त्याचा अर्थ होय. आयएसओ २२३०१ ह्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या व २०१९ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय मानकातील व्याख्येचा आशयही हाच आहे. आपत्तिनिवारण आणि कार्यसातत्य ह्यांतील भेद येथेच ध्यानात घेतला पाहिजे. निवारणाचा विचार आपत्ती येऊ नये म्हणून असतो. सातत्याचा विचार ती आली आहे असे गृहीत धरूनच सुरू होतो.

ह्या नियोजनाच्या जुन्या चौकटीत आग, पूर, भूकंप, दंगल हे धोके प्रमुख होते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो प्रसंग अशा धोक्याचे ठळक उदाहरण म्हणता येईल. अशा आपत्तीची हानी भयंकर असली तरी ती एका स्थळापुरती मर्यादित असते. त्यामुळे उपायही स्थळाशी निगडित असे. कागदपत्रांची दुसरी प्रत अन्य गावी ठेवावी, पर्यायी जागेची सोय करावी, की नियोजकाचे निम्मे काम झाले. गेल्या काही वर्षांतील घटनांनी हे गृहीतकच डळमळीत केले आहे. त्यांपैकी तीन घटनांचा येथे विचार करू.

पहिली घटना २७ जून २०१७ ची. ‘नॉटपेट्या’ ह्या नावाने पुढे ओळखला गेलेला संगणकीय विषाणू युक्रेनमध्ये प्रचलित असलेल्या हिशेबाच्या एका आज्ञावलीच्या नित्य सुधारणेबरोबर बाहेर पडला आणि काही तासांत अनेक देशांत पसरला. तो खंडणी मागत असल्याचे भासवीत असे. वस्तुतः नष्ट केलेली माहिती परत देण्याची सोयच त्यात नव्हती. मर्स्क ह्या डॅनिश नौवहन कंपनीचे कामकाज त्यामुळे कोलमडले. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहामार्फत चालविले जाणारे टर्मिनलही विस्कळीत झाले. युक्रेनशी ज्याचा काडीमात्र संबंध नव्हता, अशा रायगड जिल्ह्यातील बंदरात मालाची कोंडी व्हावी, ही ह्या युगातील धोक्याची खूण होय. पुढे प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तातील एक तपशील विशेष बोधप्रद आहे. कंपनीच्या जाळ्यात कोणास कोठे प्रवेश द्यावयाचा हे ठरविणारे सुमारे दीडशे संगणक होते आणि ते परस्परांच्या प्रती म्हणून सतत जुळते ठेवलेले होते. ते सर्व एकाच वेळी नष्ट झाले. वाचला तो फक्त घानामधील एक, आणि तोही वीज गेल्यामुळे त्या वेळी जाळ्यापासून तुटलेला होता म्हणून. प्रती पुष्कळ असणे आणि त्या परस्परांपासून अलग असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यावरून स्पष्ट होते.

दुसरी घटना विद्याव्यासंगी वाचकांस अधिक जवळची वाटेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर ‘रायसिडा’ नामक टोळीने हल्ला केला. ग्रंथालयाने खंडणी देण्याचे नाकारले, तेव्हा सुमारे ६०० गिगाबाइट माहिती टोळीने उघड केली. ग्रंथसूचीचा शोध घेण्याची सोय जानेवारी २०२४ मध्ये अंशतः पूर्ववत झाली. अन्य अनेक सेवा त्यानंतरही दीर्घकाळ बंद होत्या. आश्चर्य असे की, अंकीय संग्रहांच्या सुरक्षित प्रती ग्रंथालयापाशी होत्या. मार्च २०२४ मध्ये त्याने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालात विलंबाचे कारण प्रांजळपणे नमूद आहे. त्या प्रती ज्या यंत्रणेवर उतरवावयाच्या, तीच उरली नव्हती आणि अनेक जुन्या प्रणाली पुन्हा उभ्या करता येण्याजोग्या नव्हत्या. म्हणजे ग्रंथ शाबूत, पण तो वाचण्याचे साधन गेलेले. लिपी उरली आणि ती वाचणारा उरला नाही, ही अवस्था भाषाभ्यासकांस अपरिचित नाही.

तिसऱ्या घटनेत शत्रूच नव्हता. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा पुरविणाऱ्या कंपनीने पाठविलेली एक सदोष सुधारणा सुमारे ८५ लाख संगणकांत शिरली व ते बंद पडले. आपल्याकडील काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्यात आले. त्याची पुष्कळ थट्टा झाली. नियोजनाच्या दृष्टीने मात्र ते हस्तलिखित पत्र हेच त्या दिवशीचे खरे कार्यसातत्य होते. यंत्राविना काम कसे करावे हे जाणणारी माणसे जेथे शिल्लक होती, तेथे विमाने उडाली.

ह्या तिन्ही घटनांत एक समान सूत्र आहे. धोका आता स्थळावर येत नाही. अनेकांनी विश्वासाने सामाईक ठेवलेल्या साधनातून तो येतो. पहिल्या आणि तिसऱ्या घटनेत तर तो सुधारणेच्याच वाटेने आला. सर्वांचे साधन एक असल्याने काम सुलभ व स्वस्त होते. पण त्यामुळेच अपघातही सर्वांना एकदम गाठतो. म्हणून दुसऱ्या गावातील प्रत हा जुना उपाय आवश्यक असला तरी पुरेसा राहिलेला नाही.

हा केवळ व्यापारी संस्थांचा प्रश्न आहे, असे समजण्याचे कारण नाही. रिओ दि जानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालय २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री जळाले, तेव्हा ब्राझीलमधील आदिवासी भाषांच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रहही नष्ट झाला. त्यांतील काही भाषांचा एकही भाषक आज हयात नाही. कंपनीचा व्यवहार महिन्याभराने पुन्हा सुरू होऊ शकतो; निवर्तलेल्या वृद्धेच्या मुखातील बोली पुन्हा ध्वनिमुद्रित करता येत नाही. विद्यापीठीय विभागांस कार्यसातत्याचा विचार कारखान्यांहून अधिक निकडीचा आहे, तो ह्याच कारणास्तव.

तेव्हा आपल्या संग्रहांबाबत प्रत्येक विभागाने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. निदान एक प्रत सर्व जाळ्यांपासून अलग ठेवली आहे काय? ती प्रत दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या व्यक्तीस, केवळ कागदावरील सूचीच्या आधारे उघडता येईल काय? आणि गेल्या वर्षभरात कोणी ती प्रत्यक्ष उघडून पाहिली आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा होकारार्थी दिली जातात. तिसऱ्याचे उत्तर देण्यापूर्वी कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, ह्याचा शोध घ्यावा लागतो. नियोजनास आरंभ करावयाचा तो तेथूनच.