शंखोदरच्या गोगलगायी

डहाणू तालुक्यातल्या वाढवणचा मागोवा घेताना आपण बंदराच्या तारखाच मोजतो. १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं आणि १९९८ मध्ये त्याने बंदराला नकार दिला. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने होकार दिला. ३० ऑगस्ट २०२४ ला ७६,२२० कोटींच्या बंदराची पायाभरणी झाली. मच्छीमारांनी एवढी वर्षं मासळीसाठी झुंज दिली, ती योग्यच होती. शंखशिंपल्यांचा विषय मात्र मागे पडला, आणि तोही शंखोदरसारखं पूजनीय ठिकाण असलेल्या गावात.

शंखवाल्यांपैकीच असलेल्या, समुद्रात तरंगणाऱ्या गोगलगायींचा शोध आपल्याकडे मुख्यतः खोल पाण्यात झाला. १९६०च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत जहाजं २०० मीटरपासून पृष्ठभागापर्यंत जाळी ओढत होती. नमुने कोचीच्या केंद्रात निवडले जात, आणि मोहिमेच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ ला गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. पायाचे पंख करून पोहणाऱ्या इवल्याशा गोगलगायी, श्लेष्माच्या बुडबुड्यांचा तराफा करून उलटी लटकणारी जांभळी जँथिना, ही मुख्यतः मोकळ्या समुद्रातली मंडळी. खंबातच्या आखाताजवळच्या गढूळ, उथळ पाण्यात ती क्वचितच टिकतात.

म्हणून वाढवणचं पाणी रिकामं म्हणायचं का? मुळीच नाही. ओहोटीला कातळाच्या फटीत नेरिटा नावाची गोगलगाय चिकटून बसलेली दिसते. तिच्या आसपास तिळाएवढे पांढरे ठिपके असतात, त्या तिच्या अंड्यांच्या कुप्या. त्यांतून पिल्लं बाहेर पडतात ती केसाळ पाळ्या हलवत, प्रवाहाबरोबर वाहत जाणारी. काही काळाने एखाद्या खडकावर टेकली तरच त्यांची गोगलगाय होते. किनाऱ्यावरच्या अनेक जातींचं बालपण असंच तरंगत जातं. त्यामुळे सुमारे दहा किलोमीटरचा लाटरोधक बांध आणि १,४४८ हेक्टरांचा भराव म्हणजे या पिल्लांच्या वाटेतला अडथळा, असं मला ठामपणे वाटतं. बंदराला २० मीटर खोली हवी होती म्हणून ही जागा निवडली. पिल्लांना हवा तो प्रवाह आणि टेकायला कातळ.

पालघर-डहाणूच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, भराव पुरा होण्याआधी महिन्यातून एकदा तरी बारीक जाळी ओढा, तारीख आणि भरतीची वेळ लिहा, नमुने जपून ठेवा.