मोबाइलातली शाळा आणि पोराचा घोर

येरवड्याचे नाव काढले की लोकांना तुरुंग आठवतो. गांधीजी तिथे होते. १९३२ सालचा पुणे करार तिथेच झाला. पण येरवड्यात माणसेही राहतात आणि त्यांची पोरे शाळेत जातात, हे ध्यानात राहत नाही. लक्ष्मीनगर, गाडीतळ, नागपूर चाळ या वस्त्यांत घराला घर चिकटलेले आहे. पुष्कळ ठिकाणी एका खोलीत पाच-सहा माणसे. अशा खोलीत २०२० साली शाळा येऊन बसली.

महाराष्ट्रात करोनाचे पहिले रोगी पुण्यातच सापडले. ती तारीख ९ मार्च २०२०. त्याच महिन्यात शाळांना कुलपे लागली. हा रोग श्वासातून, खोकल्यातून पसरतो. म्हणून गर्दी नको, असे ठरले. त्याला कारण होते, ते आम्ही नाकारीत नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग होता, तेव्हाही लोक घर सोडून रानात झोपड्या घालून राहिले. पण तेव्हा पोरांना रान तरी होते. येरवड्याच्या पोराला गल्लीसुद्धा बंद झाली.

मग मोबाइलवर शाळा भरू लागली. आता हिशेब करा. घरात मोबाइल एक आणि पोरे तीन. मोबाइल बापाचा. कामे सुरू झाली, बाप कामावर गेला, की शाळा त्याच्या खिशातून निघून गेली! दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' कार्यक्रम लागे. तो चांगला होता. पण पोराचे कुठे अडले, ते टीव्हीला कसे कळणार?

अभ्यास बुडाला, हे सगळ्यांना दिसले. पोराच्या मनाचे काय झाले, ते दिसले नाही. लहान पोराला 'मला काळजी वाटते' असे बोलता येत नाही. त्याची काळजी अंगावर निघते. पोट दुखते, पण डॉक्टरला काही सापडत नाही. झोपेत दचकते. चांगले सात वर्षांचे पोर पुन्हा अंथरूण ओले करते. मोठे पोर गप्प होते, नाहीतर साध्या बोलण्यावर अंगावर येते. घरचे म्हणतात, पोर बिघडले. तसे नसते हो. बापाचा रोजगार गेला, शेजारच्या आजोबांना दवाखान्यात नेले ते परत आलेच नाहीत, हे सारे ते ऐकत असते. एका खोलीत त्याच्यापासून काय लपणार?

२०२१ साली दहावीची परीक्षा रद्द झाली. नववीचे गुण आणि शाळेने दिलेले गुण धरून निकाल लावला. लोक त्या पोरांना 'करोना बॅच' म्हणून हसले. त्यांचा काय दोष? काही घरांत तर शाळा बंद म्हणून मुलींची लग्ने उरकली. अठराच्या आतले लग्न हा गुन्हा आहे, मग साथ असो की नसो.

शहरातल्या खालच्या वर्गांच्या शाळा २०२१ च्या डिसेंबरात उघडल्या, जानेवारीत पुन्हा मिटल्या, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत परत सुरू झाल्या. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले पोर वर्गात नीट बसले, तेव्हा दुसरी संपत आली होती. ती पोरे आज मोठ्या वर्गांत आहेत. त्यांतले एखादे वाचताना अडखळत असेल, तर त्याला 'ढ' म्हणू नका. रोज पंधरा मिनिटे जवळ घेऊन बसा. तुम्ही आता वाचायला शिकलात. हाच धडा दोघे मिळून वाचा, चुकलात तर दोघेही हसा.

येरवड्यात मनोरुग्णालय आहे. त्यामुळे मनाचा डॉक्टर म्हटले की तिकडची माणसे दचकतात, 'माझं पोर काय वेडं आहे का?' म्हणतात. ताप आला तर दवाखान्यात जाता ना? तसेच हे. पोर पंधरा-वीस दिवस नीट जेवत नसेल, झोपत नसेल, किंवा मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर मुळीच थांबू नका. १४४१६ या नंबरावर फोन करा. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. पोराला कोणी मारीत असेल, कामाला जुंपीत असेल, किंवा लहान मुलीचे लग्न ठरत असेल, तर १०९८ लावा. हे दोन्ही नंबर घराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा, पोराच्या नजरेस पडतील अशा उंचीवर.