सूक्ष्म वस्तूंचा शोध व त्यांचें छायाचित्रण

जें रोज डोळ्यांपुढें असतें, तेंच पुष्कळ वेळां आपणांस दिसत नाहीं. याचें एक कारण लक्षाचा अभाव हें होय; परंतु दुसरें कारण डोळ्याच्या रचनेंतच आहे. सुमारें 25 सेंटिमीटर अंतरावरून पाहतांना, एक दशांश मिलिमीटराहून जवळ असलेले दोन बिंदु निरोगी डोळ्यासही सहसा वेगळे ओळखतां येत नाहींत. या मर्यादेपलीकडे पाहण्यास भिंग लागतें, आणि पाहिलेलें टिकवून ठेवण्यास छायाचित्र लागतें. मोबाइलच्या प्रसारामुळें छायाचित्राचें साधन आतां बहुतेक घरीं आलें आहे. भिंगही थोडक्या पैशांत मिळतें. या दोहोंचा सदुपयोग कसा करावा, याविषयीं चार गोष्टी आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सूक्ष्म वस्तु शोधण्यासाठीं दूर जावें लागतें, असा एक समज आहे. तो खरा नाहीं. इंग्लंडांतील रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञानें 1665 सालीं ‘मायक्रोग्राफिया’ हा प्रसिद्ध ग्रंथ छापला. त्याच्या आरंभींचे विषय कोणते, तर सुईचें टोंक, वस्तऱ्याची धार आणि कापडाचा तुकडा! आपण ज्या टोंकास तीक्ष्णतेचा नमुना मानतों, तें त्यास बोथट व ओबडधोबड दिसलें. कागदावरचें वाटोळें टिंब म्हणजे एक वेडावांकडा डाग ठरला. पुढें बुचाच्या पातळ कापांत त्यास मधाच्या पोळ्यासारखीं खणें दिसलीं. त्यांस त्यानें दिलेलें ‘सेल’ हें नांव पुढें जीवशास्त्रांत रूढ झालें. आपण त्यास पेशी म्हणतों.

तेव्हां आरंभ घरापासूनच करावा. मिठाचा कण भिंगांतून पाहिला तर तो लहानशा फाशासारखा चौकोनी दिसतो. साखरेच्या कणाच्या बाजू मात्र तिरप्या असतात. शिळ्या पावावरील बुरशी म्हणजे बारीक देंठांचें रानच असून, पुष्कळदां प्रत्येक देंठाच्या शेंड्यावर एक काळा गोळा दिसतो. वर्तमानपत्रांतील चित्र निव्वळ ठिपक्यांचें बनलेलें आढळतें. फुलपाखरास धरलें असतां बोटांस जी रंगीत धूळ लागते, ती धूळ नसून पंखावर कौलांप्रमाणें रचलेले खवले होत. नेच्याच्या पानाची मागील बाजू उलटून पाहावी. तेथें बीजाणूंचे तपकिरी पुंजके ओळीनें बसलेले असतात. पहिला पाऊस पडल्यावर मातींत दिसणारा मखमली लाल मृगाचा किडा घ्या. त्याचे पाय मोजावे. ते आठ भरतात. म्हणजे नांवाचा किडा असूनही तो कोळ्याच्या गोत्रांतला आहे, हें एका दृष्टिक्षेपांत कळतें.

शोधण्याची रीत अगदीं सोपी आहे. कुंपणाजवळ एक हात लांब व एक हात रुंद एवढीच जागा निवडावी आणि अर्धा तास तेथून उठूं नये. पहिल्या पांच मिनिटांत गवत व माती यांवांचून कांहींच दिसत नाहीं. नंतर हळूहळू मुंगी, मावा, कोळ्याचें जाळें, शेवाळाचे देंठ अशीं एकामागून एक दिसूं लागतात. सकाळची वेळ उत्तम. कारण त्या वेळीं ऊन तिरपें असतें, पानांवर दंव असतें, आणि गारव्यामुळें कीटकांची हालचालही मंद असते.

आतां छायाचित्राविषयीं. यांत मुख्य अडचणी तीन आहेत. पहिली अडचण खोलीची. वस्तूच्या जितकें जवळ जावें, तितका स्पष्ट दिसणारा थर पातळ होत जातो. वस्तूचें चित्र आंतील पडद्यावर मूळ आकाराएवढें उमटवावयाचें झाल्यास, हा थर जेमतेम एकदोन मिलिमीटरांचा उरतो. मुंगीचे डोळे स्पष्ट आले तर पाय अंधुक होतात. कॅमेऱ्याचें छिद्र लहान केल्यानें थर थोडा वाढतो. परंतु प्रकाश कमी होतो, आणि छिद्र फारच लहान झाल्यास किरण पसरून सगळेंच चित्र मंद होतें. म्हणून जाणते लोक थोड्याथोड्या अंतरानें अनेक छायाचित्रें घेतात व त्यांतील स्पष्ट भाग संगणकानें एकत्र जुळवितात. दुसरी अडचण हालचालीची. या मापावर हाताचा किंचित् कंपही धरणीकंपासारखा भासतो. यास्तव मोबाइल चार पुस्तकांच्या थप्पीवर टेकवावा व वारा पडण्याची वाट पाहावी. तिसरी अडचण उजेडाची. समोरून पडणारा प्रकाश वस्तु सपाट करतो, तर बाजूनें येणारा प्रकाश तिचा खडबडीतपणा उठवून दाखवितो. एका बाजूस खिडकी व दुसऱ्या बाजूस पांढरा कागद, एवढी सामग्री पुरे. ज्यांजवळ विशेष कॅमेरा नाहीं, त्यांनीं घड्याळजीचें भिंग मोबाइलच्या भिंगाशीं चिकटवून धरावें. पुष्कळ काम भागतें.

या विद्येंत चिकाटीनें काय साधतें, हें विल्सन बेंटली या अमेरिकन शेतकऱ्याच्या चरित्रावरून दिसतें. व्हरमाँट प्रांतांतील जेरिको गांवीं 1865 सालीं त्याचा जन्म झाला. आईनें दिलेल्या सूक्ष्मदर्शकांतून तो बर्फाचे कण पाही व त्यांचीं चित्रें काढूं लागे. परंतु चित्र पुरें होण्याच्या आंतच कण विरघळून जाई. पुढें बापानें त्यास कॅमेरा घेऊन दिला, आणि कित्येक प्रयत्न फसल्यावर 15 जानेवारी 1885 रोजीं एका हिमकणाचें छायाचित्र त्यास साधलें. थंड पडवींत उभें राहून काळ्या फळीवर हिमकण झेलावा, बारीक काडीनें तो कांचेवर ठेवावा, पिसानें हलकेच बसवावा, आणि श्वासाच्या उबेनें तो वितळूं नये म्हणून श्वास रोधावा, हा त्याचा क्रम. जन्मभरांत त्यानें पांच हजारांहून अधिक हिमकण टिपले. त्यांपैकीं दोन हजारांवर चित्रांचा ग्रंथ 1931 सालीं प्रसिद्ध झाला, व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तो निवर्तला.

परंतु बेंटलीच्या कामावर एक आक्षेप आला, आणि तोच आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतो. चित्र उठून दिसावें म्हणून तो कांचेवरील प्रतिमेंत स्फटिकाभोंवतालचा भाग चाकूनें खरवडून काढी. त्यामुळें पार्श्वभूमि काळीभोर होई. बर्लिनचे हवामानशास्त्रज्ञ हेलमान यांचें म्हणणें असें कीं, या खरवडण्यानें स्फटिकाची कडाच बदलते. शिवाय हेलमान यांनीं घेवविलेल्या छायाचित्रांत बहुतेक हिमकण वेडेवांकडे, एखादी बाजू अपुरी असलेले असे होते. जलाचे रेणु षट्कोनी मांडणींत बसत असल्यामुळें हिमकण सहा बाजूंचा होतो, हें खरें. पण सहाही बाजू सारख्या वाढलेला कण विरळाच. बेंटलीनें अशीं विरळा रत्नें वेंचलीं, आणि जगानें तींच सर्व बर्फाचें स्वरूप समजलीं.

यावरून बेंटलीचें मोल कमी होत नाहीं. पण छायाचित्र म्हणजे आपोआप सत्य, हा भ्रम मात्र दूर होतो. आज चित्र खरवडण्यास चाकूही लागत नाहीं. बोट फिरविलें कीं झालें. कित्येक जण तर कीटक स्थिर राहावा म्हणून त्यास शीतपेटींत गारठवितात किंवा डिंकानें चिकटवितात, आणि तें चित्र निसर्गांत टिपलें म्हणून दाखवितात. असें चित्र कितीही मोहक असलें तरी तें खोटी साक्ष होय. सूक्ष्म वस्तूच्या बाबतींत तर हा दोष अधिकच मोठा. कारण पाहणाऱ्यास स्वतः पडताळून पाहण्याची सोय नसते, तो सर्वस्वीं आपल्या शब्दावर विसंबतो.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, प्रत्येक चित्रासोबत तारीख, वेळ, ठिकाण व वस्तूचें माप लिहून ठेवावें. चित्रांत कांहीं फेरफार केला असल्यास तोही नमूद करावा. जीवास इजा होईल असें कांहीं करूं नये, आणि उलटविलेला दगड जसा होता तसा पुन्हां ठेवावा. सुंदर कणाबरोबर मोडका कणही संग्रहांत असूं द्यावा. असा संग्रह कदाचित् कमी देखणा होईल. पण दुसऱ्या कोणास पुढें त्यावर भरंवसा ठेवतां येईल, आणि पाहण्याच्या विद्येचें खरें फळ तेंच आहे.