ख्रिस्ती मिशनसेवा, अल्पकालीन

ख्रिस्ती मिशनसेवा, अल्पकालीन : धर्मप्रसार हे जीवितकार्य म्हणून न स्वीकारता, ख्रिस्ती मंडळीतील सर्वसामान्य सभासदांनी मर्यादित मुदतीसाठी परदेशी जाऊन केलेले धर्मप्रसाराचे अथवा लोकसेवेचे कार्य. ही मुदत एका आठवड्यापासून सुमारे दोन वर्षांपर्यंत असू शकते. तथापि बहुसंख्य यात्रा एक ते तीन आठवड्यांत आटोपतात. जाणारे लोक विद्यार्थी, शिक्षक, परिचारिका, सुतार, निवृत्त अधिकारी अशा विविध व्यवसायांतील असतात आणि यात्रेनंतर ते पुन्हा आपापल्या व्यवसायात परततात. या बाबतीत ते पूर्णवेळ मिशनऱ्याहून वेगळे ठरतात. ही प्रथा मुख्यतः प्रॉटेस्टंट पंथीयांमध्ये व विशेषतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढीस लागली. रोमन कॅथलिकांतही तिचे समांतर रूप आढळते. अमेरिकन चर्चचे सुमारे १६ लक्ष सभासद दरवर्षी अशा यात्रांवर परदेशी जातात, असा अंदाज समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाउ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नोंदविला आहे.

धार्मिक अधिष्ठान : सर्व राष्ट्रांतील लोकांस शिष्य करण्याची येशू ख्रिस्ताची आज्ञा (मत्तय २८ : १९-२०) हा सर्वच मिशनकार्याचा आधार मानला जातो. अल्पकालीन सेवेचे समर्थक त्याखेरीज दोन दाखले देतात. येशूने आपल्या शिष्यांना दोघादोघांच्या जोड्या करून गावोगाव पाठविले व ते परत येऊन त्यांनी आपला वृत्तांत सांगितला, हा लूककृत शुभवर्तमानातील प्रसंग (अध्याय १०) हा पहिला दाखला. दुसरा दाखला संत पॉल याच्या प्रवासांचा आहे. अंत्युखियाच्या मंडळीने त्याला व बर्णबाला पाठविले आणि प्रवास संपल्यावर ते तेथेच परतले. टीकाकार मात्र असे दाखवून देतात, की पॉल करिंथ येथे दीड वर्ष व इफिसस येथे सुमारे तीन वर्षे राहिला होता. त्याला तेथील भाषा अवगत होती आणि तो आपल्या हातांनी तंबू शिवून उदरनिर्वाह करीत असे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : शिडाच्या जहाजांच्या काळात अल्पकालीन मिशनसेवा व्यवहारतः अशक्य होती. यूरोप-अमेरिकेतून भारतात येण्यास कित्येक महिने लागत आणि येणारा मिशनरी बहुधा आयुष्यभरासाठीच येई. विल्यम कॅरी (१७६१-१८३४) हे १७९३ मध्ये बंगालमध्ये आले, ते पुन्हा कधीही मायदेशी गेले नाहीत. मराठी व्याकरण (१८०५) व मराठी-इंग्रजी कोश (१८१०) यांसारखी त्यांची कामे या दीर्घ वास्तव्याचीच फलिते होत. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. नॉट प्रकृतिअस्वास्थ्यामुळे दोन वर्षांत परत गेले. हॉल मात्र मराठी शिकून तेरा वर्षे येथेच राहिले आणि १८२६ मध्ये नाशिकच्या परिसरात पटकीने मरण पावले. भाषा आत्मसात करणे ही मिशनकार्याची पहिली पायरी होय, अशी त्या पिढीची धारणा होती.

आगबोटी आणि सुएझ कालवा (१८६९) यांमुळे प्रवासाचा काळ घटला. त्यानंतर विशिष्ट कामापुरते परदेशी जाऊन परतण्याची उदाहरणे दिसू लागतात. १८९६-९७ च्या भारतातील दुष्काळात अमेरिकेतील मेनोनाइट पंथीयांनी मदत गोळा केली आणि तिच्या वाटपासाठी जॉर्ज लँबर्ट हे धर्मोपदेशक १८९७ मध्ये भारतात येऊन गेले. या संपर्कातूनच पुढे १८९९ मध्ये मध्य प्रांतातील धमतरी येथे मेनोनाइटांचे कायम मिशन स्थापन झाले. अल्पकालीन भेटीतून दीर्घकालीन कार्य उभे राहिल्याचे हे एक आरंभीचे उदाहरण म्हणता येईल.

दुसऱ्या महायुद्धानंतर या प्रथेला आजचे रूप आले. जेट विमानांमुळे प्रवास सुलभ व तुलनेने स्वस्त झाला. महाविद्यालयीन शिक्षण घेणाऱ्या तरुणांची संख्या वाढली व त्यांना उन्हाळ्याची दीर्घ सुटी मिळू लागली. जॉर्ज व्हर्वर (१९३८-२०२३) हे १९५७ मध्ये दोन महाविद्यालयीन मित्रांसह धर्मपुस्तके वाटण्यासाठी मेक्सिकोत गेले. त्या सहलीतून ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ ही संस्था वाढली. तिने १९७० मध्ये घेतलेले ‘लोगोस’ हे पुस्तकांचे जहाज देशोदेशींच्या बंदरांत जात असे. जानेवारी १९८८ मध्ये ते दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाजवळ खडकावर आदळून निकामी झाले. लोरेन कनिंगहॅम (१९३५-२०२३) यांनी १९६० मध्ये ‘यूथ विथ अ मिशन’ ही संस्था स्थापन केली. धर्मशास्त्राची पदवी नसलेल्या तरुणांनाही मिशनकार्यात स्थान असावे, ही तिची भूमिका होती. कॅथलिक चर्चने लॅटिन अमेरिकेसाठी ‘पेपल व्हॉलंटिअर्स’ ही योजना १९६० मध्ये सुरू केली. अमेरिकन शासनाचे ‘पीस कोअर’ हे धर्मनिरपेक्ष दलही १९६१ चेच. ही सर्व त्या काळातील एकाच सेवाप्रवृत्तीची भिन्न रूपे होत.

स्वरूप व कार्यपद्धती : यात्रेसाठी सामान्यतः दहा ते वीस जणांची तुकडी असते. तिचा नेता, पाठविणारी मंडळी आणि परदेशातील यजमान मंडळी असे तीन घटक व्यवस्थेत असतात. पुष्कळदा एखादी मध्यस्थ संस्थाही असते. कामाचे चार मुख्य प्रकार आढळतात : (१) घरे, शाळा, विहिरी व प्रार्थनामंदिरे यांचे बांधकाम, (२) वैद्यकीय व दंतवैद्यकीय शिबिरे, (३) मुलांसाठी सुटीतील बायबलवर्ग, खेळ व इंग्रजीचे अध्यापन, (४) गीते, नाट्यप्रवेश व पुस्तकवाटप यांद्वारे प्रत्यक्ष धर्मप्रचार. भूकंप, वादळ इ. आपत्तींनंतर निघणाऱ्या मदततुकड्या हा आणखी एक प्रकार होय.

खर्चाचा भार बहुधा सेवकावरच असतो. तो आप्तेष्ट व मंडळीतील सभासद यांना पत्रे लिहून आर्थिक साहाय्याची व प्रार्थनेची विनंती करतो. खाद्यपदार्थांची विक्री, मोटारी धुणे असे उपक्रम करूनही पैसा जमविला जातो. या पैशाचा मोठा वाटा विमानभाड्यावर खर्च होतो, ही गोष्ट पुढील वादाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

पूर्वतयारीत पारपत्र, प्रवेशपरवाना, विमा, यजमान देशाच्या इतिहासाची व रीतिरिवाजांची माहिती, नित्याच्या संभाषणापुरती भाषा आणि वेशभूषेचे संकेत यांचा समावेश होतो. आफ्रिकेतील व दक्षिण अमेरिकेतील काही देशांसाठी पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र आवश्यक असते. ते लस टोचल्यापासून दहा दिवसांनी वैध होते व २०१६ पासून आजन्म वैध मानले जाते. विषमज्वर व यकृतशोथ यांवरील लशी आणि हिवतापप्रतिबंधक औषधे प्रदेशानुसार घ्यावी लागतात. यजमान गावातील दिनक्रमात सकाळची सामुदायिक प्रार्थना, दुभाष्याच्या साहाय्याने दिवसभराचे काम आणि सायंकाळी उपासना व दिवसाच्या अनुभवांची चर्चा असा क्रम सामान्यतः असतो. परतल्यावर मंडळीसमोर वृत्तांत सांगितला जातो.

वैद्यकीय सेवेत काही संस्थांनी ही पद्धत अधिक काटेकोर केली आहे. १९७८ मध्ये स्थापन झालेली ‘मर्सी शिप्स’ ही संस्था रुग्णालय-जहाजे चालविते. एखाद्या बंदरात जहाज अनेक महिने मुक्काम करते. शल्यचिकित्सक, भूलतज्ञ व परिचारिका आपापल्या सवडीनुसार काही आठवडे स्वखर्चाने येऊन जातात. माणसे बदलत राहिली, तरी व्यवस्था, रुग्णांची टिपणे व शस्त्रक्रियेनंतरची देखभाल अखंड राहते. सेवकाची मुदत अल्प असली, तरी कार्याची मुदत अल्प असू नये, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते.

आक्षेप व मूल्यमापन : या प्रथेवरील सर्वांत तीव्र टीका ख्रिस्ती विचारवंतांकडूनच झाली आहे. कॅथलिक धर्मगुरू व विचारवंत इव्हान इलिच (१९२६-२००२) यांनी २० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे अमेरिकन विद्यार्थी-स्वयंसेवकांसमोर केलेले भाषण प्रसिद्ध आहे. केवळ सद्हेतू पुरेसा नाही. ज्यांची भाषा येत नाही व ज्यांना तुम्ही कशासाठी आलात हे विचारण्याचेही स्वातंत्र्य नाही, अशा गरिबांवर आपले अस्तित्व लादणे हा अहंभाव होय, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. मेक्सिकोत पाहण्यासाठी व शिकण्यासाठी यावे, उपकार करण्यासाठी येऊ नये, असे त्यांनी सुचविले.

आर्थिक बाजूचा अभ्यास कुर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने केला. १९९८ च्या ‘मिच’ वादळात होंडुरासमध्ये हजारो लोक मृत्युमुखी पडले व असंख्य घरे नष्ट झाली. त्यानंतर अनेक उत्तर अमेरिकन तुकड्यांनी तेथे घरे बांधली. अशा घरांत राहणारी कुटुंबे आणि स्थानिक ख्रिस्ती संस्थांनी बांधलेल्या घरांत राहणारी कुटुंबे यांची त्यांनी तुलना केली. घर मिळाल्याचे समाधान व कुटुंबाची सुधारणा यांबाबत दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. खर्चात मात्र मोठी तफावत होती : स्थानिक संस्था सुमारे २,००० डॉलरमध्ये घर बांधीत, तर परदेशी तुकडीचा प्रवासासह खर्च सुमारे ३०,००० डॉलरपर्यंत जाई. यात्रेमुळे आपण अधिक दानशूर झालो, असे अनेक सेवकांनी सांगितले. देणग्यांच्या नोंदींत मात्र त्याला फारसा दुजोरा मिळाला नाही. म्हणजे, यजमानांस नव्हे तरी जाणाऱ्यांस यात्रेचा निश्चित लाभ होतो, हे नित्याचे समर्थनही गृहीत धरता येत नाही.

याखेरीज होणारी हानी हिशोबात सहसा येत नाही. अननुभवी पाहुणे विनामूल्य भिंत रंगवितात, तेव्हा गावातील रंगाऱ्याचा रोजगार बुडतो. पाहुण्यांच्या निवास-भोजनाच्या व्यवस्थेत यजमान धर्मगुरूचे कित्येक आठवडे जातात. पुढील मदत थांबेल या भीतीने तो नको असलेले कामही नाकारीत नाही. अनाथाश्रमांतील अल्पकालीन सेवा विशेष वादग्रस्त ठरली आहे. दर पंधरवड्यास नवी माणसे येऊन माया लावून निघून गेल्याने मुलांच्या मनावर आघात होतो. शिवाय पाहुण्यांच्या देणग्यांसाठी आईवडील हयात असलेली मुलेही काही ठिकाणी आश्रमांत ठेवली जातात. हैतीतील जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर दहा अमेरिकन बाप्टिस्ट स्वयंसेवकांना ३३ मुले कागदपत्रांविना सीमेपार नेताना अटक झाली. ही मुले अनाथ असल्याचे सांगितले गेले होते. परंतु त्यांपैकी बहुतेकांचे पालक हयात होते, असे नंतर आढळून आले.

सेवकांच्या सुरक्षिततेचा प्रश्नही गंभीर आहे. जुलै २००७ मध्ये अफगाणिस्तानात दक्षिण कोरियातील एका चर्चच्या २३ स्वयंसेवकांचे तालिबानने अपहरण केले. त्यांतील दोघांची हत्या झाली. उर्वरित २१ जणांची ऑगस्टअखेरपर्यंत सुटका झाली. एका मंडळीच्या उत्साहाची किंमत शासनाला व इतर मदतसंस्थांनाही मोजावी लागते, याची जाणीव या घटनेने कोरियन समाजास झाली.

मार्गदर्शक तत्त्वे : या टीकेची दखल घेऊन अमेरिकेतील मिशनसंस्थांनी २००३ मध्ये अल्पकालीन सेवेसाठी सात मानके जाहीर केली. ईश्वरनिष्ठा, यजमानांस सबल करणारी भागीदारी, परस्परसंमतीने आखलेला कार्यक्रम, चोख व्यवस्थापन, योग्य नेतृत्व, उचित प्रशिक्षण व यात्रेनंतरचा पाठपुरावा ही ती मानके होत. त्यांतील परस्परसंमती ही मध्यवर्ती मानली पाहिजे : कोणते काम करावयाचे हे यजमानाने ठरवावे आणि नकार देण्याची त्याला खरीखुरी मोकळीक असावी. स्टीव्ह कॉर्बेट व ब्रायन फिकर्ट यांनी २००९ मधील आपल्या ग्रंथात तातडीची मदत, पुनर्वसन व विकास यांत भेद केला आहे. आपत्तीच्या क्षणी उचित असणारी फुकट मदत एरव्ही दिल्यास ती लोकांची स्वावलंबनाची शक्ती खच्ची करते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

भारतातील स्थिती : परदेशी मिशनऱ्यांच्या कार्याचा प्रश्न भारतात राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाशी निगडित आहे. नागपूरचे न्यायविद भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली तत्कालीन मध्य प्रदेश शासनाने नेमलेल्या समितीने १९५६ मध्ये आपला अहवाल सादर केला. धर्मांतर हाच मुख्य उद्देश असलेल्या परदेशी मिशनऱ्यांनी देश सोडावा, अशी तिची एक शिफारस होती. ख्रिस्ती संस्थांनी या अहवालास तीव्र विरोध केला. ओरिसा (१९६७) व मध्य प्रदेश (१९६८) या राज्यांनी धर्मांतराचे नियमन करणारे कायदे केले. धर्मप्रसाराच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याच्या हक्काचा समावेश होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. परदेशी मिशनऱ्यांसाठी प्रवेशपरवान्याचा स्वतंत्र वर्ग आहे. पर्यटक परवान्यावर येऊन धर्मप्रचार करणे नियमबाह्य ठरते. त्यामुळे येणाऱ्या अल्पकालीन तुकडीने आपला उद्देश लपवून ठेवणे हा केवळ तांत्रिक दोष राहत नाही. पाहुणे परत गेल्यावर त्याचे परिणाम स्थानिक ख्रिस्ती मंडळीस भोगावे लागतात.

२०२० मध्ये कोव्हिड-१९ च्या साथीमुळे जगभरच्या यात्रा एकाएकी थांबल्या. पाहुण्यांवाचूनही जेथे कार्य चालू राहिले, तेथे ते स्थानिकांच्या हाती खऱ्या अर्थाने रुजले होते. जेथे ते बंद पडले, तेथे त्याचा आधार बाहेरच्या माणसांवरच होता. अल्पकालीन सेवेची उपयुक्तता ठरविताना सेवकाच्या सद्हेतूपेक्षा ही कसोटी अधिक विश्वसनीय आहे. विशिष्ट कौशल्य असलेल्या, निमंत्रणावरून आलेल्या आणि यजमानांच्या हाताखाली काम करण्यास तयार असलेल्या माणसास थोड्या दिवसांतही मोलाची सेवा करता येते. इतरांनी आपली यात्रा ही सेवा नसून शिक्षण आहे आणि त्या शिक्षणाचे ऋण यजमानांकडे आहे, असे मानणे अधिक उचित ठरते.