काटकसरीचे सांधे

१७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे लॉस एंजेलिसमधील नॉर्थरिज परिसरास ६.७ तीव्रतेच्या भूकंपाचा धक्का बसला. वेल्ड केलेल्या पोलादी चौकटींची एकही इमारत त्यात कोसळली नाही, तेव्हा प्रथम पोलादाचा गौरवच झाला. पुढे आतील आच्छादने काढून पाहता शंभराहून अधिक इमारतींत तुळई व खांब यांच्या सांध्यांना तडे गेल्याचे उघडकीस आले. पोलाद वाकेल पण तुटणार नाही, हा भरवसाच तडकला होता.

वेल्डचा धातू पुरेसा चिवट नव्हता, वेल्डखालची आधारपट्टी तशीच राहिल्याने तेथे खाच राहत होती, ही तांत्रिक कारणे झाली. त्यांच्यामागे अर्थकारणही होते. पूर्वी इमारतीतील बहुतेक सांधे भूकंपाचा भार वाटून घेत. असा प्रत्येक सांधा खर्चिक; म्हणून पुढे मोजक्याच चौकटींवर, अधिक अवजड तुळया योजून, सारा भार सोपविण्यात आला. प्रयोगशाळेत मात्र त्याहून लहान नमुनेच तपासले गेले होते. सारी पुंजी एकाच पेढीत ठेवू नये, हे साधा गृहस्थही जाणतो. येथे त्याचाच विसर पडला.

बरोबर एक वर्षाने, १७ जानेवारी १९९५ रोजी, जपानमधील कोबे येथेही पोलादी सांधे तुटले. तेथे काही पोलादी इमारती कोसळल्याही.

अमेरिकेत संशोधनान्ती २००० साली नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. त्यांतील एक उपाय मननीय आहे. खांबापासून थोड्या अंतरावर तुळईच्या कडा कापून तिला मुद्दाम कृश करावयाचे, म्हणजे ती तेथे वाकते आणि सांधा शाबूत राहतो. या युक्तीवरील अमेरिकेतील पेटंटचा हक्क लक्झेंबर्गच्या आर्बेड कंपनीने १९९५ साली सोडून दिला. सुरक्षिततेचे ज्ञान सार्वजनिक झाले, ही मोठीच गोष्ट.

प्रश्न उरतो जुन्या इमारतींचा. सांता मोनिकाने २०१७ साली त्यांचे बळकटीकरण सक्तीचे केले, तेही वीस वर्षांच्या मुदतीने. लॉस एंजेलिसच्या २०१५ सालच्या सक्तीत लाकडी व काँक्रीटच्या दुर्बल इमारती आल्या, पोलादी वगळल्या गेल्या. बांधताना झालेली बचत मालकाच्या हिशेबात जमा झाली. तिचे देणे मात्र आत राहणाऱ्या व काम करणाऱ्यांच्या नावे आजही थकलेले आहे. ते भूकंपाने वसूल करण्यापूर्वी समाजाने फेडणे, हाच खरा काटकसरीचा मार्ग होय.