दोष थंडीचा नव्हे, पाण्याचा

टोरांटो, शिकागो किंवा मिनियापोलिसला नव्याने राहायला गेलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्याच हिवाळ्यात कळते, की हातात किल्ली असूनही गाडीचे दार उघडेलच असे नाही. याचे खापर सहसा थंडीवर फोडले जाते. पण कोरडे, स्वच्छ कुलूप उणे २० अंशांतही फिरते. गोठते ते त्यात शिरलेले पाणी. म्हणूनच सलग कडाक्याच्या थंडीपेक्षा दुपारी बर्फ वितळून रात्री पारा पुन्हा शून्याखाली जातो तेव्हा, गोठणारा पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यानंतर दारे अधिक अडकतात. शत्रू पाणी आहे हे एकदा पटले, की उपायांची दिशाच बदलते.

हे पाणी मुख्यतः तीन जागा पकडते. किल्लीच्या भोकात बारीक स्प्रिंगांवर वरखाली होणाऱ्या पातळ पट्ट्या असतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, त्यामुळे एखादा थेंबही त्यांना जखडायला पुरतो. दुसरी जागा दाराभोवतीचे रबरी बीडिंग. ओले रबर पत्र्याला चिकटून गोठले, की कुलूप उघडूनही दार जागचे हलत नाही. तिसरी जागा दाराच्या कडेचा खटका. इथे मात्र थंडीलाही थोडा दोष द्यावा लागेल, कारण धूळ खाल्लेले जुने ग्रीस थंडीत घट्ट होते आणि खटका परत जागेवर येत नाही. मग दार उघडते, पण बंद होत नाही!

‘एवढा विचार कशाला, गरम पाणी ओतले की काम झाले,’ असे म्हणणारे भेटतात. बर्फ लगेच वितळतो हे खरेच. पण तेच पाणी फटींत उतरते, काही मिनिटांत निवते आणि आधीपेक्षा खोलवर गोठते. शिवाय थंडगार काचेवर ते पडले, तर काच असमान प्रसरण पावून तडकू शकते. भोकात फुंकर मारणेही त्याच जातीचे, कारण श्वासात वाफ असते. किल्ली लायटरवर तापवावी, तर आजच्या किल्लीच्या मुठीत इमोबिलायझरची चिप असते. अल्कोहोल मात्र बर्फ वितळवते आणि उरलेल्या पाण्याचा गोठणबिंदूही खाली नेते. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल उणे ८९ अंशांच्या आसपास गोठते, म्हणून कुलपासाठीच्या फवाऱ्यांत अल्कोहोल वापरतात. अडचणीत अल्कोहोलचा सॅनिटायझरही चालतो. बीडिंग चिकटले असेल तर हँडल ओढू नये, ते तुटते. दार आधी तळव्यांनी आत दाबावे, म्हणजे बर्फाचा थर तडकतो. तेवढ्याने भागले नाही तर दुसरे दार वापरून पाहावे.

रिमोट आल्यावर हा प्रश्न संपला, हा आक्षेप अधिक वजनदार वाटतो. किल्लीच्या भोकापुरता तो बरोबरही आहे. पण रिमोट फक्त निरोप देतो. खटका हलवायचे काम दारातल्या मोटरलाच करावे लागते आणि बीडिंगवरच्या बर्फाला तो निरोप कळत नाही. त्यात रिमोटचा सेल थंडीत मंदावला, तर वेळ पुन्हा त्याच भोकावर येते, आणि वर्षभर न वापरलेले ते भोक तोवर आखडलेले असते. उबदार गॅरेजही पूर्ण तोडगा नाही. तिथे गाडीवरचा बर्फ वितळून फटींत उतरतो आणि बाहेर पडल्यावर गोठतो.

तेव्हा खरा उपाय बर्फ पडण्याआधीचा. कुलपात ग्राफाइटची कोरडी पूड सोडावी, पण ती तेलात मिसळू नये, राडा होतो. डब्ल्यूडी-४० या नावातली इंग्रजी आद्याक्षरे ‘पाणी हटवणे’ याच अर्थाची आहेत. १९५३ साली सान डिएगोत तयार झालेले हे मिश्रण ओल घालवते खरे, पण त्याचा पातळ थर हिवाळाभर टिकेल असे धरून चालू नये. बीडिंग पुसून सिलिकॉन लावावे. खनिज तेलाच्या ग्रीसने ते रबर फुगते. खटक्यातले जुने ग्रीस काढून थंडीत पातळ राहणारे भरावे. गाडी धुतली की दारांच्या कडा कोरड्या कराव्यात. ऑक्टोबरातल्या एखाद्या कोरड्या दुपारी हे सगळे तासाभरात उरकते. आणि बर्फ वितळवायची बाटली कोटाच्या खिशात ठेवा; गाडीत ठेवली, तर नेमकी गरज पडेल तेव्हा ती बंद दाराआडच असेल.