विश्लेषण : मशीनमध्ये धुतली की बेरे टोपी लहान का होते? ती घालायची, जपायची आणि जमवायची कशी?

प्रजासत्ताक दिनाची परेड दोन दिवसांवर आलेली. एनसीसीतल्या मुलाची घामट झालेली बेरे टोपी गणवेशाबरोबर वॉशिंग मशीनमध्ये जाते, कुणीतरी गरम पाण्याचे बटण दाबते आणि तासाभराने बाहेर येते एक जाड, कडक वाटी. ती मुलाच्या काय, त्याच्या धाकट्या बहिणीच्याही डोक्यात बसत नाही. मग ‘हल्ली लोकर चांगली येत नाही’ असा निष्कर्ष निघतो. खरे तर टोपी आकसली ती अस्सल लोकरीची होती म्हणून. बेरे (आपल्याकडे सर्रास ‘बेरेट’ म्हणतात) ही मुळात आकसवूनच तयार केलेली टोपी आहे. तेवढे समजले, की ती घालायची कशी आणि धुवायची कशी, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

बेरे तयार कशी होते?

बहुतेक टोप्या कापड कापून शिवतात. पारंपरिक बेरे आधी विणतात. मेरिनो लोकरीची सैल, जाळीदार, डोक्यापेक्षा कितीतरी मोठी चकती विणून तिच्या कडा जोडल्या जातात. या अवस्थेत ती टोपी वाटतही नाही. त्यानंतर तिला पाणी आणि साबणात तासन्‌तास घुसळले, कुटले जाते. पूर्वी यासाठी लाकडी हातोडे असत.

लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशाच्या अंगावर असतात तसे सूक्ष्म खवले असतात आणि ते सगळे एकाच दिशेला तोंड करून असतात. ओल, ऊब आणि घुसळण मिळाली की तंतू एकमेकांवरून सरकतात, पण खवले अडकल्यामुळे मागे येऊ शकत नाहीत. सायकलचे फ्रीव्हील एकाच दिशेने पकडते, तसाच हा प्रकार. चकती आकसत जाते, विणीची भोके बुजतात आणि सुरी चालवली तरी सुटणार नाही असा घट्ट नमदा तयार होतो. मग रंगवणे, ओल्या टोपीला साच्यावर चढवून वाळवणे आणि वरची लव ब्रशने उठवून कातरणे.

आता मशीनमधली टोपी आठवा. गरम पाणी, डिटर्जंट आणि गरगर फिरणारा ड्रम. कारखान्यात योग्य वेळी थांबवलेली प्रक्रिया घरी पुन्हा सुरू झाली, इतकेच.

ही टोपी मूळची कुठली?

फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवरच्या पिरेनीज डोंगरातल्या मेंढपाळांची. फ्रान्समधल्या बेआर्न भागाचा दावा आहे की बेरे आमची. जगात मात्र ती ‘बास्क बेरे’ म्हणून ओळखली जाते आणि बेआर्नच्या लोकांना ते अजून खटकते. तिथल्या ने या गावात बेरेचे संग्रहालय आहे. मेंढ्यांची लोकर हाताशी, वर डोंगरातला पाऊस. नमद्यातून पाणी लवकर झिरपत नाही आणि लोकर ओली झाली तरी ऊब टिकवते. आपल्याकडचा धनगर पावसात डोक्यावरून घोंगडी घेतो, त्यामागचे शास्त्र फार वेगळे नाही. घोंगडी मागावर विणली जाते आणि बेरे कुटली जाते, हा फरक.

टोपीच्या मधोमध वर आलेले शेपूट पुष्कळांना शोभेचे वाटते. फ्रेंच भाषेत त्याला ‘काबियू’ म्हणतात. विणकाम संपते तिथल्या धाग्यांचा तो शेंडा आहे. टोपी उचलायची झाली तर त्याला धरून उचलू नये, कारण ओढून ओढून तो तुटतो.

बास्क भाषेत या टोपीला ‘चापेला’ म्हणतात आणि विजेत्याला ‘चापेलदुन’, म्हणजे टोपीवाला. तिथे स्पर्धा जिंकणाऱ्याच्या डोक्यावर भली मोठी, भरतकाम केलेली बेरे चढवतात. आपल्याकडे महाराष्ट्र केसरीच्या खांद्यावर चांदीची गदा येते, तशी.

लष्करात ती कशी पोहोचली?

फ्रान्सच्या आल्प्समधील डोंगरी पायदळाने 19व्या शतकाच्या अखेरीस मोठी निळी बेरे स्वीकारली. पहिल्या महायुद्धात ती ब्रिटिश रणगाडा दलाच्या नजरेत भरली. कडक टोपी घालून रणगाड्याच्या आत वावरणे अवघड, तिचा पुढचा छज्जा दुर्बिणीवर आपटतो. बेरेला छज्जाच नाही, ती घालून आत-बाहेर करता येते आणि काळ्या रंगावर तेल-ग्रीसचे डाग दिसत नाहीत. 1924 मध्ये ब्रिटनच्या रणगाडा दलाला काळ्या बेरेची परवानगी मिळाली. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत जनरल माँटगोमेरी हीच काळी बेरे दोन बिल्ले लावून घालत. भारतीय लष्कराच्या चिलखती दलाची बेरेही काळीच आहे. या दलाचे प्रशिक्षण केंद्र अहिल्यानगरला असल्याने तिथल्या लोकांना ती नवी नाही.

पुढे रंगांना अर्थ चिकटत गेले. गडद लाल, म्हणजे मरून, रंग छत्रीधारी सैनिकांचा. भारताच्या पॅराशूट रेजिमेंटमध्ये खडतर निवडप्रक्रिया पार केल्यावरच ती मिळते. शीख जवान त्याच रंगाची पगडी बांधतात. फिका निळा रंग संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा. 1956 मध्ये सुएझच्या पेचप्रसंगात ही सेना घाईघाईने उभी करताना एवढ्या निळ्या बेरे वेळेत मिळेनात, तेव्हा अमेरिकी हेल्मेटच्या आतल्या प्लास्टिकच्या टोप्यांवर निळा रंग मारून वेळ निभावली गेली.

रंगाची किंमत किती, हे अमेरिकेने 2001 मध्ये अनुभवले. तोवर काळी बेरे ही तिथल्या ‘रेंजर’ तुकड्यांची ओळख होती. ती अख्ख्या लष्कराला देण्याचा निर्णय झाला आणि रेंजर्स संतापले. शेवटी त्यांनी फिकट तपकिरी बेरे घेतली. त्यातच काही टोप्या चीनमध्ये तयार झाल्याचे उघड झाले आणि त्या परत मागवाव्या लागल्या. दहा वर्षांनी, 2011 मध्ये, रोजच्या वापरासाठी छज्जाची टोपी परत आली. कारण साधे होते : उन्हात बेरे तापते आणि डोळ्यांवर सावली देत नाही. मराठवाड्यात मे महिन्यात परेड केलेल्या कोणत्याही कॅडेटने हे आधीच सांगितले असते.

मग घालायची कशी?

नवी लष्करी पद्धतीची बेरे डोक्यावर ठेवली की फुगलेल्या डोश्यासारखी दिसते. नव्या मुलांची थट्टा होते ती त्यामुळेच. उपाय पाण्याचा. टोपी कोमट पाण्यात भिजवायची, पण आतली चामड्याची पट्टी शक्यतो कोरडी ठेवायची. ती भिजून वाळली की तडकते. जास्तीचे पाणी हाताने दाबून काढायचे, पिळायचे नाही. मग ओलीच डोक्यावर घालायची. पट्टी भुवयांच्या साधारण बोटभर वर, सगळीकडून आडवी सरळ. बिल्ल्याची जागा डाव्या डोळ्यावर, उरलेला कपडा उजव्या कानाकडे ओढून चापून बसवायचा. अर्धवट वाळेपर्यंत तशीच ठेवायची. दोन-तीनदा केले की टोपी त्या डोक्याची होते. दुसऱ्याची बेरे घातली की नीट बसत नाही, ते म्हणूनच. वर आलेली लव साध्या रेझरने हलक्या हाताने काढता येते; जोर लावला तर भोक पडते.

उजवीकडे ओढण्याची ही ब्रिटिश पद्धत भारतातही आहे. फ्रेंच सैनिक उलट, डावीकडे ओढतात. अपवाद फ्रेंच नौदलाच्या कमांडोंचा. त्यांची तुकडी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये उभी राहिली, म्हणून त्यांची टोपी आजही ब्रिटिश पद्धतीने झुकते.

हौसेने घालायच्या बेरेला यातले काही लागू नाही. ती मागे सरकवा, बाजूला झुकवा. 1967 च्या ‘बॉनी अँड क्लाइड’ चित्रपटात फे डनवेने ती घातली आणि दुकानांत मागणी वाढली. तिथे कुणी कोन मोजला नव्हता.

धुवायची आणि ठेवायची कशी?

शक्यतो धुवायचीच नाही. मऊ ब्रश फिरवून धूळ काढली तरी बरेच काम होते. घामाने कडा चिकट झाल्या असतील तर थंड पाणी आणि थोडा शाम्पू. चोळणे नाही, दाबून धुणे. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे आणि टोपीच्या आत तिच्याच मापाची जेवणाची ताटली सरकवून सावलीत आडवी वाळवावी. उन्हात रंग उडतो, हेअर ड्रायरने ती पुन्हा आकसू शकते. खुंटीला टांगली तर शेंडा वर आलेली टोपी मिळते.

आपल्याकडचा खरा शत्रू मात्र पावसाळा. कोकणात, मुंबईत बंद कपाटातल्या लोकरीला बुरशी येते, आणि कसर लागली तर ऑक्टोबरमध्ये टोपीऐवजी चाळणी हाती येते. पूर्ण वाळवून, सुती कापडात गुंडाळून, डांबरगोळ्यांसह ठेवावी. डांबरगोळ्या थेट लोकरीला लागू देऊ नयेत.

जमवताना काय पाहावे?

पहिल्यांदा आतले अस्तर. निर्मात्याचे नाव, माप आणि लष्करी टोपी असेल तर बहुधा वर्षही तिथेच असते. बिल्ला नंतर, कारण बिल्ल्याच्या नव्या नकला भरपूर मिळतात आणि जुन्या टोपीवर नवा बिल्ला लावणे पाच मिनिटांचे काम आहे. कारखान्यांची नावे ठाऊक असलेली बरी. फ्रान्समधले लोलेर 1840 पासूनचे. 2014 मध्ये त्याने ब्लाँक-ओलिबे हा जुना प्रतिस्पर्धीही ताब्यात घेतला. स्पेनच्या तोलोसा गावातले एलोसेगी 1858 चे. ब्रिटनचे कँगोल 1938 मध्ये बेरे बनवण्यासाठीच सुरू झाले आणि युद्धात सैन्याला टोप्या पुरवू लागले. त्याचा क्लीटरचा कारखाना 2009 मध्ये बंद पडला. कारखाने असे कमी होत असल्यामुळे जुन्या लेबलांना भाव आहे.

भारतात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. लष्करी टोपी संग्रहात ठेवणे वेगळे आणि आपण सैनिक आहोत असे लोकांना वाटावे म्हणून ती घालून फिरणे वेगळे. दुसरा प्रकार भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 नुसार गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मरून बेरे घालून रील काढण्याआधी हे माहीत असलेले बरे.

आकसलेली टोपी परत मोठी होते का?

थोडीशी आकसली असेल तर होते. कोमट पाण्यात भिजवून हाताने सगळ्या बाजूंनी सावकाश ताणायची आणि मापापेक्षा किंचित मोठ्या ताटलीवर चढवून दोन दिवस ठेवायची. एखादे माप परत मिळू शकते. पण मशीनमधून वाटी होऊन आली असेल, तर खवले एकमेकांत कायमचे अडकलेले असतात. परेड दोन दिवसांवर असेल तर नवी घ्यावी आणि त्याच रात्री ओली करून डोक्यावर चढवावी.